न खणलेला वाफा

लोहारा (यवतमाळ),
१२ जानेवारी १९५८

प्रिय गफ्फारभाई,
सप्रेम नमस्कार.

जोहराभाभी गेल्याची बातमी मला इथे तीन आठवडे उशिरा कळली. दिग्रसहून माझी बदली होऊन पुरते चार महिने झाले नाहीत, तोच हे घडावे आणि मला मातीला येता येऊ नये, याची खंत पत्रात मावणारी नाही. म्हणून ती लिहीत नाही. तुमच्या कार्डावर दोनच ओळी आहेत : ‘घर लई मोठं झालं. तुमच्या त्या जमिनीतून निघणाऱ्या फुलाचे दोन-चार कंद पाठवा.’ पहिल्या ओळीला माझ्याजवळ उत्तर नाही. दुसरीला आहे, आणि शेतकीचा शिक्षक असल्यामुळे ते सविस्तर आहे.

सोबतच्या पत्र्याच्या डब्यात, कोरड्या भुशात, भुईचाफ्याचे नऊ कंद आहेत. हे माझ्या आईचे. आम्ही तिला याडी म्हणतो. तिचे नाव हंसाबाई. तिच्या सासूच्या काळी आमची माणसे बैलांवर मीठ-धान्य लादून चालत असत. त्या म्हातारीने हे कंद कुठल्याशा मुक्कामावर उचलले, पुढच्या मुक्कामावर पुरले, निघताना पुन्हा उचलले. असे करीत ते आमच्या आजच्या तांड्यापर्यंत आले आणि तिथून माझ्याबरोबर जिथे बदली होईल तिथे.

आता लागवड. मी प्रत्येक सूचनेचे कारणही देतो, कारण कारणाशिवाय दिलेली सूचना माणूस महिनाभरात विसरतो. कंद आत्ताच लावावेत, कारण थंडीत ते झोपेत असतात आणि झोपलेल्याला हलवले तर त्याला कळत नाही. जागा अर्ध्या सावलीची हवी, कारण आपल्याकडच्या उन्हात त्याची पाने करपतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि त्यात कंद कुजतो. तेव्हा तिच्यात वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळावा. कंद दोन बोटे खोल, डोळा वर. पाने यायच्या आधी, चैत्र-वैशाखात, उघड्या मातीतून सरळ फूल येईल. पहिल्या वर्षी बहुधा येणार नाही. तेव्हा निराश होऊ नका.

जागा केवढी, कशी, कुणीकडे तोंड करून आहे ते सगळे कळवा.

आपला,
पूनमसिंग राठोड

—

दिग्रस,
७ फेब्रुवारी १९५८

पूनम गुरुजींना गफ्फार मिस्त्रीचा आदाब.

डबा भेटला. पोस्टमन डबा हालवून म्हणे, मिस्त्री, अद्रक मागवली काय? म्हटलं, हो, यवतमाळची अद्रक लई नामी राहते, तुले चहा पाजतो. माझं मराठी चौथीपर्यंतचं आहे, चुकलं तर हसू नका.

तुम्ही जागा विचारली. लांबीले सहा फूट, रुंदीले अडीच. लांबी उत्तर-दक्षिण. माती भुईच्या वर वीतभर उचललेली. बाजूले लिंबाचं मोठं झाड आहे, दुपारून त्याची सावली येते. वाळू अन् पाल्याचं खत टाकलं, पण वरच्या वर. खाली उकरलं नाही. नऊचे नऊ कंद एका ओळीत, मधोमध लावले. डोळा वर.

दर गुरुवारी पाणी देऊन राह्यलो. चालते ना?

जिनात कापसाचा हंगाम जोरात आहे. दिवसभर मशिनींचा आवाज, कान भरून राहतात, ते बरं वाटते. पोरगी रौशन दारव्ह्याले सासरी परत गेली. संध्याकाळी कुलूप मीच उघडतो, हे अजून हाताले जमून नाही राह्यलं.

गफ्फार

—

लोहारा,
१६ फेब्रुवारी १९५८

प्रिय गफ्फारभाई,

तुमचे पत्र वाचून मला अतिशय आनंद झाला. माझ्या वर्गातल्या तीस मुलांपैकी एकाने तरी मोजमाप इतके नीट लिहिले असते तर! पण काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत.

उत्तर-दक्षिण लांबी : उत्तम. दोन्ही बाजूंना ऊन सारखे मिळते. माती वीतभर उंच : त्याहून उत्तम, पावसाचे पाणी थांबणार नाही. परंतु सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद हा काय आकार झाला? चार बाय चार केला असता तर चारी बाजूंनी हात पोचला असता आणि कंदही तीन-तीनच्या ओळीत बसले असते. जमल्यास पुढच्या थंडीत वाफा चौकोनी करून घ्या. तुमच्या परसात कडुनिंब होता असे मला आठवत नाही. शेजारच्या आवारातला असावा.

पाण्याविषयी मात्र तुम्ही चुकता आहात. झाडाला वार कळत नाही. गुरुवार आला म्हणून पाणी दिले, हे शास्त्र नव्हे. आत्ता कंद झोपेत आहे. त्याला पाणी म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात बळेच घास. कोंब दिसेपर्यंत एक थेंबही नको. तुमच्या कारखान्याची सुटी गुरुवारी असते काय? तसे असल्यास त्या दिवशी नुसते तण काढा.

वाफा कसा आहे ते महिन्यातून एकदा तरी कळवत जा.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
३ ऑगस्ट १९५८

पूनम गुरुजींना आदाब.

मधल्या दोन कार्डांत जास्त लिहिलं नाही, लिहिण्याजोगं काही नव्हतं. तुम्ही म्हटलं तसं पाणी बंद केलं होतं. गुरुवारी रिकाम्या हातानं जायचं म्हणजे लाजल्यासारखं होई. तण काढत बसे. तणही किती राहते? सहा फुटांत घटकाभराचं काम.

आता आषाढात पानं आली. नऊपैकी आठ. वरून हिरवी, त्याच्यात चांदीसारखे पट्टे, अन् उलटून पाह्यलं तर खालून जांभळी. हे कायले? वरून एक अन् खालून एक, असं काहून?

दुसरी गोष्ट, पहिल्या जोराच्या पावसात माती खाली बसली. मधात खळगा पडला. मले ते पाहून कसंसं झालं. काय करू?

गफ्फार

—

लोहारा,
१० ऑगस्ट १९५८

प्रिय गफ्फारभाई,

आठ पाने! नऊपैकी आठ हा निकाल आमच्या रोपवाटिकेतही लागत नाही.

पानाच्या जांभळ्या पाठीबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न मला इतका आवडला की मी तो वर्गात विचारला. एक जण म्हणाला, ‘गुरुजी, परीक्षेत येते काय?’ एक मत असे आहे : मोठ्या झाडाखाली वाढणाऱ्या या रोपाला प्रकाश थोडाच मिळतो. पानातून निसटून जाणारा प्रकाश तो जांभळा थर अडवतो आणि पुन्हा पानाला देतो. थोडक्यात, ज्याला कमी मिळते तो मिळालेले खाली सांडू देत नाही.

माती बसण्याचे कारण उघड आहे. खोल खणून पुन्हा भरलेली जमीन पहिल्या पावसात बसतेच. पण गफ्फारभाई, खाली उकरले नाही म्हणालात, मग त्याआधी खणले होते तरी किती? भुईचाफ्याला वीतभर पुष्कळ होते! असो. खळग्यात बाहेरची मोकळी माती मुठीमुठीने, पाने न झाकता, भरा. घाई करू नका. ती आणखी एक-दोन पावसाळे बसेल.

माझे म्हणाल तर इथले सहकारी संध्याकाळी पत्ते खेळतात. मला पत्ते येत नाहीत आणि भुईचाफा त्यांना येत नाही. तांड्यात गेलो तर माझ्यासाठी धुतलेली चादर काढून खाट टाकतात, सरकारी पाहुण्याला टाकावी तशी. तुमचे पत्र आले की मी ते दोनदा वाचतो : एकदा भुईचाफ्यासाठी, आणि एकदा तसेच.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
३० एप्रिल १९५९

गुरुजी,

आज गुरुवार. सकाळी गेलो तर फूल!

एक नाही, तीन. काल काही नव्हतं. पान नाही, काडी नाही, नुसती भेगाळलेली माती, अन् तिच्यातून पांढरं फूल, मधली पाकळी जांभळी. मी खालीच बसलो. वास घ्यायले पार मातीले नाक लावा लागलं. एक म्हातारा जाऊन राह्यला होता, तो थांबला. म्हणे, मिस्त्री, काही पडलं काय? म्हटलं, नाही चाचा, निघालं.

संध्याकाळी पुन्हा गेलो तर तिन्ही मिटून पडले होते. एकच दिवस? एवढं वर्षभर करायचं अन् एकच दिवस?

घरी येऊन सांगायले कोणी नाही म्हणून तुम्हाले लिहून राह्यलो. शाई सांडली, तसंच पाठवतो.

गफ्फार

—

लोहारा,
६ मे १९५९

प्रिय गफ्फारभाई,

शाईचा डाग असलेले पत्र मी जपून ठेवले आहे.

होय, एकेक फूल एकच दिवस. पण एका कंदातून ती एकामागून एक येतात, त्यामुळे पंधरा दिवस पुरतात. वर्षभर पानांनी कमावलेले सगळे कंदात साठते, थंडीत पाने जातात, कंद अंधारात ते सांभाळतो, आणि ऐन उन्हाळ्यात, दुसरे कुणी उमलायला धजत नाही तेव्हा, एका सकाळी खर्चून टाकतो. मला हे रोप आवडते ते यासाठी. माझ्या वाफ्यात यंदा एकतीस आली. याडी असती तर म्हणाली असती, ‘मोजू नको, नजर लागेल.’ मी मोजतोच.

आता पुढचा धडा. कंदाला दर दोन वर्षांनी उपकंद फुटतात आणि गर्दी होते. गर्दीत फुले कमी होतात. यासाठी येत्या जानेवारीत, पाने पूर्ण वाळल्यावर, संपूर्ण वाफा वीतभर खोल खणावा, सगळे कंद बाहेर काढावेत, हाताने मोडून वेगळे करावेत आणि पुन्हा लावावेत. हे न केल्यास दोन-तीन वर्षांत गठ्ठा स्वतःच्याच गर्दीने मरतो. जास्तीचे निघतील त्यांतले चार मला पाठवा. एकाच वाणाचे कंद दोन ठिकाणी असलेले बरे.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
२४ जानेवारी १९६०

पूनम गुरुजींना आदाब.

तुमची दोन कार्डं आली, खणलं काय म्हणून. नाही खणलं. हंगामात फिटरले सुटी कुठून भेटते? परवा एका मशिनीचा रोलर फाटला, रात्रपाळीही केली.

रौशन अन् जावई आलते. म्हणतात, अब्बा, दारव्ह्याले चला, एकटे कायले राहता, तिथं खोली आहे, हाताले कामही भेटते. पोरीनं माझा डबा-ताट सगळं बांधून ठेवलं होतं. मी सोडलं. ती रडली. म्हणे, अम्मी नाही तर इथं आहे कोण? मी म्हटलं, वाफा आहे. तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी उठून चहा मांडला.

मी इथून जाऊ शकत नाही, गुरुजी. तुम्ही तरी समजा.

गफ्फार

—

लोहारा,
२ फेब्रुवारी १९६०

प्रिय गफ्फारभाई,

मी समजलो, आणि म्हणूनच आनंदाने लिहितो की तुमची अडचण ही अडचणच नव्हे! वाफ्यासाठी दिग्रसला अडकून पडण्याचे काहीच कारण नाही. सगळ्या फुलझाडांत प्रवासाला इतके सोयीचे दुसरे झाड नाही. गुलाब उपटला तर रुसतो. भुईचाफा थंडीत खणून काढा, भुशात घाला, दारव्ह्याला न्या आणि मुलीच्या अंगणात लावा. चैत्रात त्याला कळणारही नाही की गाव बदलले. माझ्या आजीने त्याला किती गावे दाखवली असतील!

तुम्ही जिनाचे मिस्त्री. मशीन दर हंगामाअखेर खोलता, साफ करता, पुन्हा जोडता. न खोलता चालवत राहिलात तर काय होते ते मी तुम्हाला सांगावे काय? इथेही तेच आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत वेळ आहे. एका रविवारी दोन तासांचे काम. खणा, माझे चार कंद मला पाठवा आणि उरलेले घेऊन मुलीकडे जा. तिने बांधलेले सामान सोडायला नको होते.

माझा सूर कडक वाटला तर क्षमा असावी. एकटे राहणे काय असते हे मी जाणतो, आणि टाळता येत असताना ते कुणी ओढवून घेऊ नये असे मला वाटते.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
५ मे १९६०

गुरुजी,

यंदा तेवीस फुलं आली. रविवारी नवं राज्य झालं म्हणून जिनात पेढे वाटले, तुमच्या वाटणीचा मी खाल्ला.

वाफा खणला नाही. खणणार पण नाही. नाराज नका होऊ अन् पुन्हा विचारू नका.

गफ्फार

—

लोहारा,
४ डिसेंबर १९६०

प्रिय गफ्फारभाई,

सात महिन्यांनी लिहितो आहे. तुमच्या शेवटच्या कार्डाचा मला राग आला होता हे कबूल करतो. पुन्हा विचारू नका म्हणालात, तरीही विचारतो आहे. कारण ऐका.

आश्विनात मी तीन दिवस परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलो होतो. परत आलो तो कुंपणाची एक बाजू आडवी. जंगलातली डुकरे आली होती. त्यांना भुईचाफ्याच्या कंदाचा वास हातभर खोलवरूनही येतो, हे मीच मुलांना शिकवतो. वाफा असा उलथला होता की मला क्षणभर वाटले, कुणीतरी नांगर घातला. मी चाळणीने सगळी माती चाळली. दोन दिवस चाळली. बोटभर तुकडाही नाही. तांड्यातल्या जुन्या जागी आता घर उभे आहे. तिथे काही नाही.

गफ्फारभाई, याडीचा भुईचाफा आता फक्त तुमच्याकडे आहे. याडीला जाऊन अकरा वर्षे झाली. आमच्याकडे राख पाण्यात जाते. माणूस गेले की जाऊन बसावे अशी जागा उरत नाही. मला तो वाफा होता.

म्हणून विनंती करतो, शिक्षक म्हणून नव्हे. चार नको, एक कंद द्या. तुम्हाला वेळ नसेल तर मी जानेवारीत येतो, माझे खुरपे घेऊन येतो आणि दोन तासांत तुमचा वाफा खणून, विभागून, जसा होता तसा लावून देतो. तारीख कळवा.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
१५ डिसेंबर १९६०

पूनम गुरुजींना गफ्फारचा आदाब.

चार वेळा लिहून फाडलं. आता जे होईल ते होईल.

तो वाफा माझ्या परसात नाही. तो कब्रस्तानात आहे. ती जोहराची कबर आहे.

सहा फूट बाय अडीच, गुरुजी. तो आकार मी कसा बदलू? उत्तर-दक्षिण तर आमच्यात सगळ्यांचीच राहते. तुम्ही विचारलं, किती खोल खणलं होतं. त्या दिवशी मी ते पत्र खिशात घालून जिनात गेलो अन् मशीन बंद पडली म्हणून खोटंच सांगून तिच्यामागं बसलो. गुरुवारी फातेहा पढायले जातो, कबरीवर पाणी घालतो, म्हणून गुरुवार.

तुमच्या दिग्रसच्या घरी तिनं एकदा ते फूल पाह्यलं होतं. ईदचा शीरखुर्मा घेऊन आलती तेव्हा. घरी येऊन दोन दिवस तेच. ‘ना पान, ना देठ. मातीनंच दिलं. मागून आणा ना गुरुजींकडून.’ मी म्हणे, आणतो, उद्या आणतो. दोन वर्षं उद्या-उद्या म्हटलं. लाकूड-लोखंडाचं काम असतं तर त्याच दिवशी केलं असतं. मग ती गेली, अन् मी पहिलं कार्ड तुम्हाले टाकलं.

तुम्हाले खरं काहून नाही सांगतलं? पहिल्यांदा भीती वाटली. तुमच्या आईचा कंद. तो मी कब्रस्तानात लावला हे तुम्हाले चाललं असतं का, मले माहीत नव्हतं. पुढं भीती गेली, पण मग सांगू वाटेना. ती गेली तेव्हा महिनाभर सगळे विचारत, मग कोणी नाव काढेना. तुम्ही मात्र दर पत्रात विचारत, वाफा कसा आहे? अन् मले वाटे, कोणीतरी तिची तब्येत विचारून राह्यलं. मी लिहून कळवे, बरा आहे, पानं आली. खरं सांगतलं असतं तर तुम्ही विचारणं बंद केलं असतं.

आता तुमच्या आईचं फूल माझ्यापाशी आहे अन् तुमच्यापाशी काही नाही. कबरीत खुरपं घालता येत नाही, गुरुजी. पण कंद दोनच बोटं खाली आहेत. तुम्ही द्या म्हणाल तर मी हातानं, बोटानं, कडेचा एक काढीन. मी कोणाले विचारलं नाही. मौलवीले नाही, पोरीले नाही. तुमचाच आहे, तुम्हीच सांगा. जे सांगाल ते करीन.

गफ्फार

—

लोहारा,
२२ डिसेंबर १९६०

प्रिय गफ्फारभाई,

तुमचे पत्र मंगळवारी आले. त्या दिवशी मी वर्गावर गेलो नाही.

तुम्ही निर्णय माझ्यावर सोपवला आहे, तेव्हा तो आधी लिहितो आणि कारणे मागून देतो. कंद काढू नका. एकही नको. खुरप्याने नको, बोटांनी नको.

कारण पहिले. कंद दोन बोटे खाली लावला जातो हे खरे. पण तीन वर्षांत त्याची मुळे वीतभर खोल जातात आणि त्यांना टोकाशी लहान गोळे धरतात. सगळे एकमेकांत विणलेले असते. कडेचा एक म्हणून हात घातलात तर मधल्यापर्यंत सगळे हलेल. ते मी चाळीस वेळा पाहिले आहे; तुम्हाला तिथे पाहायला लावणार नाही.

कारण दुसरे सांगताना मला लाज वाटते. ‘न खणल्यास गठ्ठा मरतो’ असे मी तुम्हाला लिहिले होते. ते पूर्ण खरे नाही. वाफ्यात फुले जास्त यावीत म्हणून माळी खणतो. जंगलात त्याला कोण खणतो? तिथे तो कैक वर्षे आपला आपण राहतो. काही वर्षे फुले कमी येतात, मग गठ्ठा बाहेरच्या बाजूला सरकतो आणि पुन्हा येतात. मला हे ठाऊक होते. पण दूरच्या ठिकाणी एक साठा असावा आणि त्यातून चार कंद परत यावेत, या लोभाने मी ते वाक्य जरा जास्त ठाम लिहिले. एक शिक्षक तुम्हाला तीन वर्षे बरोबर शिकवत आला आणि एका वाक्यात चुकला, आणि नेमके ते वाक्य तुम्ही ऐकले नाही. बरे केलेत.

आणि कारण तिसरे. तुम्ही काढून दिलेला कंद माझ्याकडे लागेल, वाढेलही. पण वैशाखात तो उमलला की मला याडी आठवायची सोडून तुमची बोटे दिसतील. मग त्याचा मला उपयोग काय?

मी तुम्हाला आकार बदला म्हणालो, खोल का खणले म्हणून चेष्टा केली, मुलीकडे घेऊन जा म्हणालो. प्रत्येक पत्र आठवतो आणि मान खाली जाते. तरी एक सांगतो. याडीचा कंद तिथे चालला असता का, असे तुम्हाला वाटले. तिच्या सासूने तो चालत्या तांड्यात वाढवला, कारण थांबायला जागा नव्हती. माझ्याजवळही तो बदल्या झाल्या तसा फिरला. इतक्या पिढ्यांत त्याला पहिल्यांदाच अशी जागा मिळाली आहे जिथून त्याला कुणी उठवणार नाही. याडीला हे मी कसे सांगितले असते याचा मी दोन दिवस विचार करतो आहे, आणि मला वाटते, तिला सांगावे लागलेच नसते.

आता न खणता निगा कशी राखायची ते लिहितो. दर वर्षी पाने वाळली की ती उचलू नका. तिथेच कुजू द्या. त्यावर पौषात कुजलेल्या पाल्याची आणि मोकळ्या मातीची बोटभर जाड साय पसरा, मुठीमुठीने. याने कंदांना वरच्या बाजूला नवी जागा मिळते आणि खालून खणण्याची गरज उरत नाही. माती खचणे आता थांबले असेल. कंद झोपेत असताना पाणी नको असे मी म्हणालो होतो. गुरुवारी हात रिकामे वाटत असतील तर ओंजळभर घाला. ओंजळीने काही कुजत नाही. डुकरांसाठी बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण, दुहेरी.

माझा वाफा रिकामा आहे. त्यात दुसरे काही लावायला हात होत नाही.

वाफा कसा आहे ते कळवत जा. मी विचारणे बंद करणार नाही.

आपला,
पूनमसिंग

—

दिग्रस,
२७ एप्रिल १९६१

गुरुजी,

आज सकाळी अकरा निघाली. हे कार्ड तुमच्या हाती पडेस्तोवर ही सुकलेली राहतील, पण कडेनं मातीले अजून भेगा पडून राह्यल्या, म्हणजे आणखी आहेत. तुम्ही या. यवतमाळहून सकाळची पहिली मोटर धरा, मी स्टँडवर उभा राहीन. भाकर माझ्याकडं. तिथल्या राखणदाराले सांगून ठेवलं, एक गुरुजी येतील, घरचे आहेत, बसतील तितका वेळ बसू दे.

एकच गोष्ट. तिथं आल्यावर भुईचाफ्याचं काही समजावून नका सांगू. तिले सगळं माहीत आहे. तुमचं एकूण एक पत्र मी तिथं बसून तिले मोठ्यानं वाचून दाखवलं आहे.

गफ्फार